पुतळी कोणाच्या गळ्यात

आम्ही दोघंच फिरायला गेलो होतो आणि त्याचा मला अजिबात संकोच वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण जाण्याआधी आणि आल्यावर "या वयात?" हा प्रश्न इतक्यांनी विचारला की मी उत्तर देणं सोडून दिलं. मी सत्तेचाळीस वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नवरा माझ्याहून थोडा मोठा, ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नोकरीला. लग्नाला दोन वर्षं झालेली. दोन वर्षांच्या नवराबायकोनं फिरायला जायचं नाही तर कोणी जायचं?

पण लोकांची अडचण वेगळी होती. हे आमचं दोघांचंही दुसरं लग्न. माझा पहिला नवरा गेला तेव्हा मुलगा बालवाडीत होता. आज तो पुण्यात नोकरी करतो. यांची पहिली बायको आजारपणात गेली, मूलबाळ नव्हतं. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आमच्याकडे पाट म्हणतात. पाट लागतो दिवस मावळल्यावर, घरातल्या घरात. मांडव नाही, बँड नाही, माणसं जेवतात आणि फारसं न बोलता निघून जातात. ज्या लग्नाची वरातच निघाली नाही त्याच्यानंतर फिरायला काय जायचं, असं कॉलनीतल्या बायकांना वाटत असणार. समोरच्या क्वार्टरमधली म्हणाली, "मार्कंड्याले जाऊन या न, दर्शनबी होईन." देवाला गेलो असतो तर कोणी भुवईसुद्धा उचलली नसती.

"मोहर्लीला जातो आम्ही," मी म्हटलं. "जंगलात. राहायला."

"मोहर्ली? अवो, ते तं पलीकडेच हाये. अन् वाघासाठी पैसे काऊन भरता? बिबट आपल्या कॉलनीच्या भिंतीवर येऊन बसते न फुकटात."

बसतो, हे खरं आहे. पण भिंतीवर बिबट्या बसला की आपण दार लावून घेतो, मुलांना आत ओढतो. मला एकदा तरी दार उघडं ठेवून, गाडीत बसून, नवऱ्याच्या शेजारी जंगल बघायचं होतं. पहिल्या लग्नात आम्ही चिखलदऱ्याला जायचं ठरवलं होतं. आधी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं, मग माझं बाळंतपण, मग नवराच एका पावसाळ्यात कावीळ होऊन गेला. तेव्हापासून "पुढे बघू" म्हटलं की माझं डोकं फिरतं. दिवाळीच्या सुट्ट्या चालू होत्या, भाऊबीज झाली होती, यांनी रजा टाकली आणि मी बॅग भरली.

आता माझ्या नणंदेबद्दल सांगायला हवं. त्या मूलकडच्या एका खेड्यात राहतात. यांच्याहून बऱ्याच मोठ्या. आई लवकर गेली, तेव्हा बाईंनीच (आम्ही दोघंही त्यांना बाईच म्हणतो) यांना वाढवलं. इतकं की लग्न होऊन सासरी जाताना या धाकट्या भावाला सोबत घेऊन गेल्या, तिथे मोहफुलं वेचून, धानाच्या बांधीत राबून त्याला आयटीआयपर्यंत शिकवलं. त्यामुळे त्यांचा शब्द आमच्या घरात शेवटचा. यांचा आवाज प्लांटमध्ये टर्बाइनच्या वर चढतो म्हणे, पण बाईंसमोर तो उतरतो. मला त्या "मास्तरीणबाई" म्हणतात आणि त्यात मान किती अन् टोमणा किती ते मला अजून उमगलेलं नाही.

आमचा पाट लागला त्या संध्याकाळी त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं, "मास्तरीणबाई, पुतळी करून घ्या लागते." दुजवराला दिलेल्या बाईनं त्याच्या पहिल्या बायकोची लहानशी पुतळी करून गळ्यात घालायची, अशी आमच्याकडे रीत आहे. सवतीची पुतळी. रोज सकाळी तिला हळदकुंकू लावायचं. नवीन लुगडं आलं की आधी तिला दाखवायचं आणि मग आपण नेसायचं. नाही घातली तर ती मेलेली सवत घरात फिरते, दुसरीला आणि नवऱ्याला सुखानं राहू देत नाही.

मी "बघू" म्हटलं. जो शब्द मला सहन होत नाही तोच मी बाईंच्या तोंडावर दोन वर्षं फेकत राहिले. रस्त्यावर सांडलेल्या प्लांटच्या राखेवरून यांची मोटरसायकल घसरली, गुडघा फुटला, तर बाईंचा फोन आला, "तिले गळ्यात नाई घेतलं, म्हणून." माझी पाठ धरली, तीच कारण. टाकीला गळती लागली तरी तीच. घरात मात्र यांच्या पहिल्या बायकोचा फोटो हॉलमध्ये दर्शनी भिंतीवर आहे. त्याची काच मी पुसते, हार मी बदलते, आणि कोणी सांगितलं म्हणून नाही. माझ्या पहिल्या नवऱ्याचा फोटो मात्र कपाटात साड्यांखाली आहे, कारण "दुसऱ्याच्या घरात पहिल्याचा फोटो शोभते का?" असं बाईंनी विचारलं होतं. तो फोटो अजून कपाटातच आहे. ते भांडण वेगळं आहे आणि ते कधी काढायचं ते मी ठरवीन.

मोहर्लीला आम्ही मोटरसायकलवर गेलो. पद्मापूरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झाडं सुरू झाली तशी मी मागे बसल्या बसल्या यांच्या कमरेला हात घातला. कॉलनीत मी हँडलला धरावं तसं कॅरियरला धरून बसते. यांनी गाडीचा वेग उगाच कमी केला.

राहायची जागा छान होती. कौलारू खोल्या, पुढे व्हरांडा, त्यात दोन वेताच्या खुर्च्या. काउंटरवरच्या माणसानं आमची आधार कार्डं घेतली आणि तो एकदा कार्डाकडे, एकदा आमच्याकडे बघू लागला. माझ्या कार्डावर अजून पहिल्या नवऱ्याचंच नाव आहे.

"मॅडम, नाव वेगळं दिसून राह्यलं."

"पहिल्या नवऱ्याचं आहे. ते वारले. हे दुसरे. आणि यांचीही मी दुसरी. अजून काही?"

"नाई मॅडम. चहा पाठवतो," तो म्हणाला. यांचे कान लाल झाले होते. खोलीत आल्यावर मला हसू आवरेना, आणि मग यांनाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सफारीच्या गाडीत आमच्यासोबत नाशिकचं एक नवं जोडपं होतं. मुलीच्या हातात कोपरापर्यंत चुडा. तिनं फार प्रेमानं विचारलं, "काका-काकू, तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली?"

"दोन," मी म्हटलं.

ती गडबडली. मग म्हणाली, "म्हणजे आमच्याहून थोडेच सीनियर!" आणि तिनं माझ्या हातावर टाळी दिली. जंगलात शिरलो तेव्हा थंडी हाडात जात होती. यांनी स्वतःचा मफलर काढून माझ्या डोक्याला गुंडाळला आणि घोंगडीखाली माझा हात धरला. वाघ दिसला नाही. सांबर दिसलं, रानकुत्र्यांची एक टोळी रस्ता ओलांडून गेली, तळ्याकाठी एक मगर लाकडासारखी पडलेली होती. गाइड बिचारा पुन्हा पुन्हा दिलगिरी व्यक्त करत होता, जसं काही वाघ त्याच्या खिशातून हरवला आहे. मला वाघाचं काही पडलं नव्हतं. त्या सकाळी मी सुखी होते, शब्दशः सुखी, आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

परत येताना हे माझ्या कानाशी म्हणाले, "तुले एक वस्तू द्याची हाये. जेवण झाल्यावर देतो."

मला माणसाच्या या भोळेपणाचं कौतुक वाटलं. यांनी मला आजवर दिलेल्या भेटी म्हणजे प्रेशर कुकर, इस्त्री आणि शाळेत न्यायला छत्री. सगळ्या गरजेच्या. जेवताना मी डाळभाजीची चवसुद्धा नीट घेतली नाही. साडी असेल का, घड्याळ असेल का, मनात अंदाज बांधत होते. पोरीसारखी.

व्हरांड्यात त्या वेताच्या खुर्च्यांवर बसल्यावर यांनी बॅगेच्या तळातून सोनाराची लाल डबी काढली. उघडली तर आत बारीक साखळी आणि तिला सोन्याचं पदक. पदकावर एक बाई उभी, हात जोडलेले, पदर डोक्यावर. काम खरंच नाजूक होतं.

"किती सुंदर आहे," मी म्हटलं. "कोणती देवी?"

हे नुसते हसले, पण डोळे खाली.

मी पुन्हा पाहिलं. देवीच्या हातात काहीतरी असतं, मागे प्रभावळ असते. हिच्याजवळ काहीच नव्हतं. कपाळावर तेवढं मोठं कुंकू. हॉलमधल्या फोटोत आहे तसं.

"ही तुमची पहिली बायको?"

"लोक चांदीची करते. मी सोन्याची केली," हे घाईघाईनं म्हणाले. "तुले वाईट वाटू नये म्हणून. घाल न. दागिनाबी झाला, अन्..."

"अन् काय?"

"अन् बाईचंबी समाधान झालं."

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. भाऊबीजेला बाई ओवाळायला आल्या होत्या. यांनी ताटात टाकायला साडी आणून ठेवली होती. बाईंनी ती बाजूला सारली आणि सांगितलं, मले ओवाळणी नको, तिच्या गळ्यात पुतळी घाल, तेच माही ओवाळणी. यांनी ताटासमोर बसून कबूल केलं. मी तेव्हा स्वयंपाकघरात करंज्या तळत होते. आणि मग यांनी विचार केला की घरी दिली तर ही भांडेल, फिरायला गेल्यावर हिचं मन खुशीत असेल, तेव्हा द्यावी. असा विचार आमच्याकडचाच माणूस करू शकतो. बायकोला आनंद व्हावा म्हणून तिला सवत सोन्याची करून आणायची, ती जंगलात न्यायची, आणि वरून तिला आवडेल अशी आशा धरायची. सगळ्यात वाईट म्हणजे त्यात यांची लबाडी नव्हती. हे मनापासून खूश होते.

"म्हणजे ही भेट मला नाहीच," मी म्हटलं. "ही बाईंना आहे. माझी नुसती मान वापरायची आहे."

"असं नको बोलू न."

"बरं, दुसरं विचारते. माझा पहिला नवरा होता. त्याची पुतळी केली तर तुम्ही घालाल गळ्यात? रोज सकाळी त्याला गंध लावाल? नवीन शर्ट आधी त्याला दाखवाल?"

यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी परदेशी भाषेत बोलतेय. "पुरुषाले तसं नसते."

"काऊन नसते?"

मी सहसा घरात शाळेची भाषा बोलते. पण राग आला की मी माझ्या माहेरची होते. मी डबी खुर्चीवर ठेवली, चपला घातल्या आणि बाहेर पडले.

गावाच्या तोंडाशी चहाची टपरी होती. मी तिथल्या बाकावर बसले आणि चहा मागितला. जिप्सी गाड्या दुपारच्या फेरीसाठी गेटकडे चालल्या होत्या, टोप्या घातलेली माणसं कॅमेरे सांभाळत होती. मी एकटीच बाई बाकावर रडत बसलेली. रडताना मला कोणी पाहिलं तर पाहू दे, असंही वाटत होतं. मला भीती सवतीची वाटत नव्हती. भीती वेगळीच होती. आज मी मान वाकवली असती तर या लग्नात मी आयुष्यभर दुसऱ्याच कोणाची तरी जागा राखत बसले असते, राखणदार म्हणून. आणि नाही वाकवली तर नवरा बहिणीच्या आणि माझ्या मध्ये फाटणार. दोन्हीकडून नुकसान माझंच. तरी मी ठरवलं होतं, वाकवायची नाही. लग्न मोडायची वेळ आली तरी नाही.

हे थोड्या वेळानं आले. शेजारी बसले. चहावाल्यानं न विचारता यांच्या हातात ग्लास दिला.

"तू तिचा राग करतं का?" यांनी विचारलं. "माह्या पहिलीचा?"

मग माझा बांध फुटला. मी म्हटलं, राग मी करत नाही, तुम्ही करता. तुम्ही आणि बाई. वीस वर्षं ती तुमच्या घरात राहिली. तुम्ही सेकंड शिफ्ट करून यायचे तेव्हा ती तुमच्यासाठी जेवायची थांबायची, हे तुम्हीच मला सांगितलंत. आजारपणातसुद्धा तुमचा डबा चुकवला नाही, हेही तुम्हीच. आणि ती बाई मेल्याबरोबर तुम्ही तिचं भूत केलं. ती माझा गळा धरेल, तुमची गाडी पाडेल, म्हणून तिला साखळीत अडकवून माझ्या छातीवर बांधायची. मी तिला कधी पाहिलं नाही, पण मी तिची काच पुसते आणि मला तिची एकदाही भीती वाटली नाही. तुम्ही तिच्याबरोबर संसार केला आणि तुम्हीच तिला घाबरता?

यांच्या हातातल्या चहावर साय धरली.

"तिनं मले कधी आवाज चढवून बोललं नाई," हे म्हणाले. "मुंगीवर पाय पडला तं हळहळे. ते कोणाले त्रास देईन?" आणि मग फार हळू, "मी काऊन भेलो मंग?"

रडले. भर रस्त्यात, टपरीवर, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या गाइड लोकांच्या समोर माझा नवरा आपल्या पहिल्या बायकोसाठी रडला, आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. मला त्याचं काहीच वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, हा माणूस मी गेले तर माझ्यासाठीही असाच रडेल.

दुसऱ्या दिवशी निघताना मी म्हटलं, "भेट बाकी आहे. तुम्ही वस्तू द्यायचं कबूल केलंय. आता मी निवडणार."

आम्ही घरी न जाता तसेच चंद्रपूरला गेलो, यांच्या नेहमीच्या सोनाराकडे. मला जोडवी हवी होती. पहिला नवरा गेल्यावर माझी जोडवी काढली, ती कोणी कुठे ठेवली मला माहीत नाही. पाटाच्या वेळी यांनी मंगळसूत्र बांधलं, पण जोडवी नाही घातली. जोडवी एकदाच, पहिल्या लग्नात, असं आमच्याकडच्या बायका सांगतात. तिथे काचेखाली आजकालची नाजूक, तारेची जोडवी होती, उघडझाप होणारी. मी ती सरकवली आणि म्हटलं, जुन्या घडणीची दाखवा. जाड. चालताना फरशीवर वाजतील अशी. मला येताना सगळ्यांना ऐकू यायला हवं होतं.

सोनार म्हणाला, "बसा बाई, मी घालून देतो."

"मी घालतो," हे म्हणाले आणि खाली बसले. दोन्ही गुडघे कडकड वाजले, एक तर फुटलेलाच. आयुष्यभर पान्हे वळवून जाड झालेली बोटं, त्यात ती जोडवी मावेनात. माझ्या टाचांना भेगा, बोटं वाकडी. दुकानात दोन बायका बांगड्या बघत होत्या, त्यांचं बांगड्यांवरचं लक्ष उडालं. पुरुष माणूस दुकानात बायकोचे पाय धरून बसलाय, म्हणजे काय! एक जोडवं दुसऱ्या बोटात घट्ट बसलं तेव्हा मी ओय म्हटलं आणि आम्ही दोघंही हसलो. पाहायचं तर पाहा म्हणावं.

पैसे देताना सोनारानं माझ्या गळ्याकडे बघून विचारलं, "पुतळी पसंत पडली का?" ती त्यानंच केली होती.

यांनी खिशातून डबी काढली. मला वाटलं, मोडायला देतायत. मी आडवी येणारच होते, कारण त्या बाईला आगीत घालून वितळवणं मला मंजूर नव्हतं.

"साखळी वाढवून द्या," हे म्हणाले.

"किती वाढवू?"

"माह्या मापाची करा."

सोनार हसला. गंमत वाटली त्याला. मग यांचा चेहरा बघून हसणं आवरलं. "भाऊ, पुरुष नाई घालत हे."

"माही बायको होती. मीच वागवीन."

मी त्यांना असं करायला सांगितलं नव्हतं. मी फक्त एक प्रश्न विचारला होता. सोनारानं साखळीत तुकडा जोडून दिला आणि यांनी ती तिथेच गळ्यात घातली.

बाई लगेच दुसऱ्या दिवशी आल्या, नव्या धानाचे पोहे घेऊन. पोहे हे निमित्त. दारातून आत पाय टाकतानाच त्यांची नजर माझ्या गळ्यावर गेली. मंगळसूत्राशिवाय काही नव्हतं. पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांनी घेतला नाही.

"कुठी हाये?"

"बाई, बस आधी," हे म्हणाले.

"मले ओवाळणी कबूल केली होती तू. कुठी हाये पुतळी?"

यांनी शर्टाची वरची बटणं सोडली आणि साखळी बाहेर काढली. बाई नुसत्या बघत राहिल्या. मग त्या यांच्याशी बोलल्याच नाहीत, माझ्याकडे वळल्या. "तू केलं हे. शिकली सवरली म्हणून माह्या भावाले बायको बनवलं तू!"

"बाई, तिनं नाई सांगतलं," हे मध्ये पडले. "मले वाटलं म्हणून मी घातली. ते माह्यासंगं राह्यली. हिच्या गळ्यात काऊन राहीन?"

"मी नाई घातली का मंग?" बाई ओरडल्या. त्यांनी पदर सरकवला आणि काळ्या मण्यांतून एक झिजलेलं चांदीचं पदक ओढून बाहेर काढलं. मी दोन वर्षं ते पाहत होते आणि देवीचा टाक समजत होते. पदकावरची बाई इतकी झिजली होती की नाक-डोळे उरले नव्हते. "सोळा वर्षाची होती मी. माह्यावाला दुजवर. मले कोणी इचारलं? सासूनं घातली गळ्यात. पहिली पोरगी तापली तं मी हिच्या पाया पडली, दुसरी गेली तं मले म्हणे, तू हिले लुगडं दाखवलं नाई. चाळीस वर्षं झाले. झोपतानी काढली नाई. आंघोळ करतानी काढली नाई. अन् तुले नाई जमत?"

यांनी तोंड फिरवलं. यांनी ते पदक लहानपणापासून पाहिलेलं, त्यांच्यासाठी ते बहिणीच्या अंगाचाच भाग होतं. ते कोणाचं, हे कधी मनातच आलं नसावं.

बाईंवरचा माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. राग होता तेवढाच राहिला, फक्त तो बाईंना ओलांडून पुढे गेला, जिला मी कधी पाहिलं नाही त्या त्यांच्या सासूकडे आणि सोळा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात मेलेली बाई बांधून निवांत झोपलेल्या सगळ्या माणसांकडे.

"नाही जमत, बाई," मी म्हटलं. "मला नाही जमणार. आणि तुम्हालाही जमायला नको होतं."

मला वाटलं, आता त्या मला मारतील. पण बाई दाराच्या पायरीवर जाऊन बसल्या. बऱ्याच वेळानं मी चहा ठेवला तो त्यांनी घेतला, पण जेवायला थांबल्या नाहीत. शेवटची मूलची गाडी चुकेल म्हणाल्या.

आम्ही दोघं त्यांना सोडायला कॉलनीच्या गेटपर्यंत गेलो. हे बहिणीची पिशवी घेऊन पुढे चालत होते. शर्टाची बटणं तशीच उघडी, पुतळी छातीवर. कंपनीच्या बसमधून उतरलेली ओळखीची माणसं यांच्याकडे बघून नमस्कार करायची आणि मग वळून पुन्हा बघायची. यांनी बटण लावलं नाही. बाई ते सगळं पाहत होत्या. स्टॉपवर उभ्या राहिल्यावर त्या माझ्या जवळ सरकल्या.

"माह्या बुढ्याले घालाले लावू का मंग हे?" त्यांनी गळ्यातलं पदक मुठीत धरून विचारलं. "काठी धरून चालते आता. पण मान हाये त्याले."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या.

"लावा, बाई," मी म्हटलं.